नाशिकमध्ये घरी राहून मूल सांभाळणारी खात्रीची मावशी कशी शोधायची?

रात्रीचा_कॉल (इंदिरानगर)

नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ आहे. कुठल्या एका हॉस्पिटलला बांधलेली नाही, बोलावतील तिथे जाते. मुंबई नाका, कॉलेज रोड, पंचवटी, कधी नाशिक रोड, कधी पार आडगाव. ठरलेल्या ऑपरेशनांचं काही वाटत नाही. वेळ आदल्या दिवशी कळते, त्याप्रमाणे घरचं लावता येतं. अडतं ते रात्रीच्या सिझरला. पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके कमी व्हायला लागले की फोन येतो, आणि सिझरचं ठरल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर काढायची धडपड असते. त्याच अर्ध्या तासात मला कपडे बदलून, गाडी काढून, पोचून भूल द्यायची असते. इकडे घरात माझी 14 महिन्यांची मुलगी झोपलेली असते.

नवरा मुंबईत नोकरीला. सोमवारी पहाटे निघतो, शुक्रवारी पंचवटी एक्सप्रेसने परत येतो. आई धुळ्याला असते, पण बाबांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना सोडून तिला येता येत नाही. सासूबाई डोंबिवलीहून येऊन राहिल्या होत्या. मुलगी रांगत होती तोवर त्यांना झेपलं. ती चालायला लागली आणि त्यांचे गुडघे बोलायला लागले. त्यांच्यावर आणखी भार टाकणं मला पटत नाही. पाळणाघर दिवसा चालतं, रात्री दोनला कोण दार उघडणार? तेव्हा घरात राहणारी मावशी हवीच, त्यावर फाटे नकोत ही विनंती. 'मूल लहान आहे तोवर रात्रीचे कॉल सोड' हा सल्ला मला रोज मिळतो. रात्री भूल द्यायला येणारी माणसं गावात थोडी आहेत. मी फोन घेतला नाही तर पलीकडे टेबलावर कोणीतरी बाई असते.

दिवाळीपर्यंत एक मावशी होत्या, फार चांगल्या. सुनेचं बाळंतपण आलं म्हणून गेल्या, त्यात त्यांचा काय दोष. त्यानंतर एका ब्यूरोतून बायका आल्या. महिना 18,000 पगार, शिवाय ब्यूरोला एका महिन्याचा पगार कमिशन, 'पटली नाही तर 3 महिन्यांत बदली देऊ' असं बोलणं झालं. एका बाईंच्या आधारच्या झेरॉक्सवरचा चेहरा आणि दारात उभा असलेला चेहरा जुळेना. विचारलं तर म्हणाल्या, तो बहिणीचा आहे. दुसऱ्या बाई प्रत्येक घासाला मुलीपुढे मोबाइल धरायच्या, तेही एक वेळ बोलून सुटलं असतं. पण मग एकदा दुपारी घरी आले तर मुलगी उठेचना. उठवली तर मान टाकायला लागली, डोळे उघडायचे आणि मिटायचे. माझं कामच माणसांना झोपवण्याचं आणि उठवण्याचं, ती झोप कशाची आहे हे मला पाहताक्षणी कळलं. भाचा राहायला आला होता तेव्हाची सर्दीच्या औषधाची बाटली फडताळात वर होती, ती निम्मी झालेली. त्यात क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने गुंगी येते. फेनिलेफ्रिनसोबतचं हे औषध 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं बाटलीवर छापायला 2023 मध्ये सरकारने सांगितलेलं आहे. मुलीला रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून मांडीवर घेऊन बसले. ती ठीक आहे. बाईंचा हिशोब त्याच संध्याकाळी करून टाकला. ब्यूरोकडून एवढंच उत्तर आलं की उद्या दुसरी पाठवतो.

आता मला ब्यूरोचं नाव नको. पण माणूस मिळणार कुठे? आणि मिळालं तर ओळख पटवायची कशी, रात्रीचं बोलणं कसं करायचं, घरात कॅमेरा लावावा का? शेजारच्या काकूंनी त्यांच्या गावाकडच्या 13-14 वर्षांच्या मुलीचं सुचवलं, 'खाऊनपिऊन राहील, पोरीशी खेळेल' म्हणून. त्यांना तिथेच नाही सांगितलं. ती स्वतःच लेकरू आहे.

ज्यांनी खरोखर असं माणूस घरात ठेवलं आहे त्यांनी सांगा. पैशाची घासाघीस मला करायची नाही.

सिडकोकर_77

डॉक्टर, त्या मुलीला नाही म्हणालात ते बरोबरच. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, तरी आपल्या सोसायट्यांमध्ये 'भाची आलीय गावाहून' म्हणून सर्रास चालतं. कुठे दिसलं तर 1098 ला फोन करा.

ओळखीचं सांगतो. मूळ आधार हातात घेऊन बघा, झेरॉक्स नको. फोटो, आधार आणि गावचा पत्ता घेऊन आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. फॉर्म भरायला वेळ लागत नाही. नोंद करणार आहे हे बाईंना आधीच मोकळेपणाने सांगा. ज्यांना अडचण असते त्या तिथेच गळतात. आमच्याकडे बाबांना सांभाळायला माणूस ठेवला तेव्हा त्याच्या गावच्या पोलीस पाटलांना मी फोन केला होता. पाच मिनिटांत त्याचं घर, भाऊबंद, शेती, सगळं कळलं.

ब्यूरोकडे परत जायची वेळ आलीच तर कमिशन एकरकमी देऊ नका. निम्मं आधी, निम्मं दोन महिन्यांनी. आणि बदली किती दिवसांत देणार ते लिहून घ्या.

निवृत्त_बँकवाली (मखमलाबाद)

तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून मोठं लिहिते. तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची असेल.

आमचे हे ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात पाळीवर आणि माझी बदली कधी येवला, कधी मालेगाव. सासर-माहेर दोन्हीकडे करणारं कोणी नाही. सुरगाण्याकडच्या एक बाई आमच्याकडे राहिल्या, धाकटा पाचवीत जाईपर्यंत. त्यांच्या जिवावर मी नोकरी केली, असं मी आजही कोणाहीपुढे म्हणते.

माणूस कुठून आणायचं ते आधी. तू रोज ज्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभी राहतेस तिथल्या मावशींना विचार. सगळ्या हॉस्पिटलांच्या मावशी तुला ओळखतात, तू कशी बोलतेस, चहा सांगताना त्यांच्यासाठीही सांगतेस की नाही, हे त्यांना ब्यूरोवाल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कोणाची नणंद विधवा होऊन माहेरी आलेली असते, कोणाच्या बहिणीची मुलं मोठी होऊन कामाला लागलेली असतात. ओळखीतून आलेल्या बाईची लाज दोन्ही बाजूंना राहते. पाठवणारीलाही उद्या तुझ्यासमोर उभं राहायचं असतं. दुसरी जागा म्हणजे आशाताई, गावच्या आरोग्य स्वयंसेविका. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या कुठल्याही पाड्यातली आशा घरटी फिरलेली असते. कोणती बाई लेकरांना जीव लावते, कोणाच्या घरात दारूचा त्रास आहे, तिला सगळं माहीत असतं. वय पस्तिशीच्या पुढचं बघ, जिची स्वतःची मुलं हाताबाहेर गेली आहेत. हाताबाहेर म्हणजे मोठी झालीत अशा अर्थाने.

आता माझ्या मते ज्यावरून बायका सोडून जातात ते. आपण त्यांना सुट्टीबद्दल विचारतच नाही. त्या 'येते दोन दिवसांत' म्हणून जातात आणि पंधरा दिवसांनी उगवतात, मग आपण चिडतो. तू पहिल्याच बैठकीत तिच्या गावचं वर्ष विचारून घे. त्या भागात होळी सगळ्यात मोठी, होळीला कोणी शहरात थांबत नाही. आषाढात भाताची आवणी असते, घरचं शेत असेल तर तिला जावंच लागतं. पुढे भातकापणी, मग वाघबारस आणि दिवाळी. उन्हाळ्याच्या तोंडाला बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव. दिंडोरी-निफाडकडची बाई असेल तर ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षाचा हंगाम उठेपर्यंत बागांमध्ये रोजंदारी मिळते, तेव्हा ती तुझ्याकडे का थांबेल याचाही विचार कर. हे सगळं मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायचे आणि त्या त्या आठवड्यात माझी रजा टाकायचे, नाहीतर ह्यांची. होळीला जाणार हे ठरलेलं असलं की बाई निश्चिंत असते आणि मधले खाडे आपोआप कमी होतात. तुझ्या नवऱ्याने त्याची वर्षाची रजा या कॅलेंडरवरूनच लावावी. मुंबईला नोकरी असली तरी मुलगी दोघांची आहे.

महिन्यातून दोन वेळा तरी तिला घरी जाऊ दे, रात्री राहू दे. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, जाणं-येणं आता महाग पडत नाही. त्या दोन दिवसांत कॉल घ्यायचे नाहीत, किंवा नवरा घरात असेल तेच दिवस धरायचे.

रात्रीबद्दल. दिवसभर धावतं मूल सांभाळून रात्रीही टक्क जागं राहणारं माणूस कुठे नसतं. तेव्हा हिशोब वेगळा ठेव. ज्या रात्री तू बाहेर पडशील त्या रात्रीचे जादा पैसे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दार लावून झोपायला मिळेल, मुलीला तू घेशील. हे आधी बोलून ठेवलं की रात्री तिला उठवताना तुलाही संकोच वाटणार नाही आणि तीही कुरकुरणार नाही. आणखी एक. आठवड्यातून दोन-तीन रात्री मुलीला झोपवायचं काम त्यांच्याकडेच दे, तू घरात असताना. पोरीला त्यांच्या अंगाचा वास, थोपटण्याची लय ओळखीची झाली पाहिजे. नाहीतर ऐन रात्री जाग आल्यावर आई नाही आणि जवळ परकं माणूस, मग पोर आकांत करतं आणि बाई घाबरते. घाबरलेली बाई मग बाटलीकडे हात नेते, असं मला वाटतं. सगळ्याच काही वाईट नसतात.

उचल मागतील. नाही म्हणू नकोस, पण दीड-दोन पगारांच्या वर देऊ नकोस, आणि दरमहा किती वळती करायची ते वहीत दोघींच्या सहीने लिही. मोठी उचल अंगावर असलेली बाई मनाविरुद्ध राहते. मनाविरुद्ध राहिलेल्या माणसाकडे लेकरू सोपवू नये. पगार खात्यावर टाक. लाडकी बहीणमुळे आता बहुतेकींचं आधार जोडलेलं खातं आहेच. त्याच खात्यातून वर्षाला 20 रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा होतो, अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. फॉर्म तू भरून दे. बँकेत असताना एवढ्याशा 20 रुपयांचा विमा किती घरांना उपयोगी पडला ते मी बघितलं आहे.

पेठची_लेक

मी सहसा लिहीत नाही. मी एएनएम, म्हणजे नर्स आहे. माझी आई गंगापूर रोडच्या बंगल्यांमध्ये राहून मुलं सांभाळायची, मी आणि भाऊ आश्रमशाळेत होतो. तेव्हा पलीकडच्या बाजूने लिहिते.

आई एका घरात फार दिवस टिकली नाही आणि दुसऱ्या घरात मी नोकरीला लागेपर्यंत राहिली. पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. पहिल्या घरी ती स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकायची. रात्री कोणी पाणी प्यायला आलं की दिवा लागायचा, ती उठून बसायची. तिची ट्रंक गॅलरीत होती, पावसात भिजायची. फोन मॅडमकडे ठेवायचा. आश्रमशाळेच्या ऑफिसातून मी केलेला फोन तिच्यापर्यंत पोचायचाच नाही, मला ताप आला होता तेव्हाही. एकदा सोन्याची साखळी सापडेना, तर सगळ्यांसमोर आईची ट्रंक उपसली. साखळी संध्याकाळी सोफ्याच्या फटीत मिळाली. कोणी काही बोललं नाही, जेवण वाढ म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने ट्रंक उचलली.

दुसऱ्या घरी तिला खोली मिळाली. लहानच होती, इस्त्रीच्या कपड्यांचं टेबलही तिथेच, पण दाराला आतून कडी होती. आई आजही त्या कडीबद्दल बोलते. घरात पुरुष माणसं येतात-जातात, पाहुणे मुक्कामाला असतात, बाई माणसाला आतून कडी लागतेच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा घरकामाच्या बायकांनाही लागू आहे, पण आमच्या पाड्यावर तो कोणाला माहीत नव्हता. कडी मात्र सगळ्यांना कळते.

जेवणाचं सांगते. घरचे जे खातील तेच तिला, आणि त्याच वेळेला. मूल झोपल्याशिवाय जेवता येत नाही म्हणून तीन-चार वाजता गार भात खाणारी बाई मुलावर कधीतरी चिडणारच. आमच्याकडे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी लागते. त्या घरच्या आजी दळणात नागली टाकायच्या, आणि हळूहळू त्यांच्या नातवाच्या पोटातही नागलीची पेज जायला लागली.

पगाराचं बँकवाल्या काकूंनी लिहिलं ते अगदी खरं. माझे वडील दर महिन्याच्या पाच तारखेला बंगल्याच्या फाटकावर उभे असायचे. पहिल्या घरचे पैसे त्यांच्याच हातात द्यायचे, घरचा पुरुष आला म्हणून. आम्हाला वह्या मिळायच्या नाहीत. दुसऱ्या घरच्या साहेबांनी आईचं पोस्टात खातं काढून दिलं आणि वडिलांना फाटकावरूनच सांगितलं की पैसे तिच्या खात्यावर गेले. तुमच्या दारात कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ आला तर रोख देऊ नका.

महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वयाच्या बायकांची नोंदणी होते. मावशी मिळाल्या की नोंदणी करून द्या. मालकाचा दाखला मागितला तर घाबरू नका, त्याने तुमच्या अंगावर काही येत नाही.

आणि डॉक्टर, औषधाचं. मूल रडलं की बाईला वाटतं माझं काम चुकलं, मॅडम ओरडतील. 'मुलगी रडली तरी चालेल, मला फोन करा, मी रागावणार नाही' हे पहिल्या दिवशी सांगा आणि फोन आल्यावर खरंच रागावू नका. तुम्ही ओटीत असाल तेव्हा फोन कोण उचलेल, ते नावही ठरवून ठेवा. आई म्हणायची, रडणारं लेकरू घेऊन परक्या घरात एकटं बसण्यासारखी भीती नाही.

रात्रीचा_कॉल (इंदिरानगर)

तुम्हा सगळ्यांचे खरंच आभार. मधल्या वेळेत दोन केसेस झाल्या, दोन्हींच्या मध्ये बसून वाचत होते.

कडीचं वाचून उठले आणि घरातल्या खोलीचं दार बघितलं. कडी आहे, पण बसत नाही. सुताराला सांगितलं आहे. ओटीतल्या मावशींना विचारण्याचं मला सुचलंच नव्हतं, आणि त्या तर रोज माझ्या शेजारी उभ्या असतात.

औषधं आता सगळी कुलपात. मला अजून एका गोष्टीची धास्ती आहे, ती माझ्या कामातून आली आहे. शेंगदाणा, हरभरा, सीताफळाची बी असं काहीतरी श्वासनलिकेत गेलेली लहान मुलं दुर्बिणीने काढायला येतात, त्यांना भूल मी देते. मुलांना भूल देण्यातलं ते मला सगळ्यात अवघड वाटणारं काम. श्वासाच्या ज्या नळीतून मी ऑक्सिजन देणार, त्याच नळीत सर्जनची दुर्बीण असते आणि त्याच नळीत तो दाणा. बाहेर आई उभी असते, तिला फक्त एवढंच आठवत असतं की पोर हसत हसत दाणे खात होतं. दाढा येईपर्यंत मुलांना दाणा चावता येत नाही, आणि तोंडात घास असताना हसलं, पळलं, रडलं की तो आत ओढला जातो. आपल्याकडे हंगामात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. उभी चार फोडी करूनच द्यायची, पाच वर्षांची होईपर्यंत.

म्हणून येईल त्या मावशींना मी पहिल्या दिवशी बाहुली घेऊन शिकवणार. मूल खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्यायचं, तोंडात बोट घालून चाचपायचं नाही. आवाजच निघेना, ओठ काळेनिळे दिसायला लागले तर पुढे वाकवून, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 जोरदार थापा. तेवढ्याने नाही निघालं तर मागून हात घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर 5 झटके, पुन्हा थापा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटका द्यायचा नाही, छातीवर दाबायचं. आणि त्याच वेळी कोणीतरी 108 लावायचा. हे तुम्ही सगळ्यांनीच घरी करून बघा, मावशी असोत नसोत. थंडी पडली की आणखी एक, बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर दार-खिडकी लावून मुलांना अंघोळ घालू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कॅमेऱ्याचं कोणी बोललं नाही. हॉल आणि मुलीच्या खोलीत लावायचा विचार आहे.

निवृत्त_बँकवाली (मखमलाबाद)

लाव, पण सांगून लाव. कुठे कुठे आहे ते हात करून दाखव. तिची खोली, बाथरूम सोडून. आणि ओटीत बसून सारखी बघत बसू नकोस. आमच्या वेळी कॅमेरे नव्हते. मी वेळ न सांगता कधी दुपारची घरी यायचे आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना कान द्यायला सांगितलेला असायचा. तो खालचा कान कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी, कारण तो बाईंनाही मदत करतो. पोर पडलं, गॅस संपला, तर बाई कोणाचं दार वाजवणार? तेवढं एक दार तुझ्या सोसायटीत बघून ठेव आणि दोघींची गाठ घालून दे.

पहिला आठवडा मात्र तू घरात राहायचंस, कॉल घ्यायचे नाहीत. त्या आठवड्यात बाई तुझ्याशी कशी बोलते ते बघू नकोस, पोर मध्येच रडायला लागलं की तिचा हात कुठे जातो ते बघ. आधी पोराकडे गेला तर ठेव.

पाथर्डीफाटा_बाबा

माझी बायको पोलीस खात्यात आहे, आमच्याकडेही दिवसरात्रीचा घोळ. आमचा अनुभव एवढाच की मावशी कितीही चांगल्या असल्या तरी एका माणसावर सगळं टांगून ठेवू नका. आमचा मुलगा मावशी असतानाही आठवड्यातून तीन सकाळी पाळणाघरात जातो. त्या वेळेत मावशी त्यांची कामं करतात, झोपतात, देवळात जाऊन येतात. मावशी गावाला गेल्या की पाळणाघर अनोळखी नसतं, तो रडत नाही. आणि दुसरं, त्याच इमारतीतल्या अजून एका नोकरदार घराशी आम्ही बोलून ठेवलं आहे. त्यांच्या मावशी नसतील तेव्हा त्यांची मुलगी आमच्याकडे, आमच्या नसतील तेव्हा हा त्यांच्याकडे. दोन्ही मावशींना त्या दिवसाचे वेगळे पैसे. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी तुम्हाला हॉस्पिटलातच मुक्काम करायला लागणार, आमच्या हिला तर रस्त्यावरच असणार, तेव्हाची सोय आत्तापासून बघा.

पेठची_लेक

डॉक्टर, काल आईशी बोलले. आमच्या पाड्यावरच्या एक मावशी आहेत, माझ्या आईच्या चुलत बहीण लागतात. चाळिशीच्या आसपास, दोन्ही मुलींची लग्नं झालीत, नवरा नाही. द्राक्षाच्या बागेत जातात, पण डिपिंग करताना, म्हणजे घड औषधात बुडवताना, त्याचा त्रास होतो, हाताला फोड येतात, म्हणून दुसरं काम बघत आहेत. शहरात कधी राहिलेल्या नाहीत, लिफ्टची भीती वाटते म्हणाल्या. लेकरांचं मात्र विचारायला नको, अख्ख्या पाड्याची पोरं त्यांच्या ओट्यावर असतात. होळीला आणि आवणीला जाणार म्हणजे जाणार, ते आईने आधीच सांगायला सांगितलं. मी शब्द देत नाही, तुम्ही भेटा, त्यांनाही तुमचं घर बघू द्या. आमच्या आशाताईंचा नंबर देते, त्यांच्याकडूनही विचारून घ्या.

रात्रीचा_कॉल (इंदिरानगर)

होळी, आवणी, वाघबारस आजच लिहून ठेवते, आणि नवऱ्यालाही फोटो पाठवते. आम्ही दुसऱ्याच मजल्यावर राहतो, जिना आहे, लिफ्टची काळजी नको म्हणावं. त्यांना आधी बोलावण्यापेक्षा आम्हीच पेठला येतो, रविवारी, नवरा असेल तेव्हा, मुलीला घेऊन. तुमच्या आईंनाही भेटता येईल. जादा रात्रीचे 300 आणि दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी असं मनात आहे, कमी वाटत असेल तर तुमच्या आईंना विचारून मोकळेपणाने सांगा.

आशाताईंचा नंबर इथे नको, निरोपात पाठवा. आडगावच्या ओटीतल्या मावशींनाही उद्या विचारणारच आहे, तिथे सकाळी 2 हर्निया लागले आहेत.